सज्जनाचा धीर दोन

शैला, मी रडायचं ठरवूनच तुझ्या घरी गेले होते. शाळा सुटल्याबरोबर निघाले, वाटेत कोणाशी बोलले नाही. तुझ्या घरी चटईवर बसले, भिंतीला टेकवून ठेवलेला तुझा फोटो पाहिला, त्यावरचा सुकत आलेला हार पाहिला आणि रडलेसुद्धा. मग तुझा नवरा गप्प, मी गप्प, असं किती वेळ बसणार म्हणून विचारलं, "भाऊजी, भोपाळचे मामा येऊन गेले का? त्यांले तार भेटली का?"

भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "कोणते मामा, ताई?"

"शैलाचे. ते शिक्षणाच्या मोठ्या हापिसात हायेत नं."

"तिले कुठचे मामा? तिची आई एकुलती एक होती. भोपाळात आपलं कोणीच नाही."

माझं रडणं तिथंच थांबलं. भाऊजींनी आतून एक कापडी पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "नागपूरच्या दवाखान्यात नेताना मले म्हणे, हे कुंदाले देजा. दुसऱ्या कोणाले नको." आत चौकटीची एक वही होती आणि एक कॅसेट. मी पिशवी घेतली, चहाला नाही म्हटलं आणि स्टँडवर आले. पांढुर्ण्याची बस लागलेली होती. खिडकीशी बसून वही उघडली आणि लोधीखेड्याकडून येणारी दुसरी बस येऊन गेली तरी माझं डोकं वर झालं नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचे हे दिवस. स्टाफरूममध्ये सगळे बोलून राहिले. मीच एकटी मूग गिळून बसले आहे, आणि सगळ्यांना वाटतं दुःखानं बसली बिचारी. म्हणून तुझ्याशीच बोलते. दुसऱ्या कोणाशी बोलण्यासारखं तू काही ठेवलंच नाहीस.

शहाऐंशी साली आपल्या सौसरच्या शाळेत सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले, तेव्हापासूनचं सांगते. सगळं तुला ठाऊक आहे, तरी ऐक. आता तुला मध्ये बोलता येणार नाही. प्रयोगशाळेशेजारची खोली रंगवली, खिडक्यांना जाळ्या लावल्या, दाराबाहेर पाटी लागली की चपला इथे काढा. प्राचार्य सरांनी नारळ फोडला. मशीनला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि त्यातला एक तांदूळ गेला बटणांच्या फटीत. आर अक्षराचं बटण दबलं ते वरच येईना. सर घामाघूम झाले, कारण संध्याकाळी खात्याचे साहेब पाहायला येणार होते. मी डोक्यातली पिन काढली आणि तो तांदूळ उपसला. तू मागून म्हणालीस, "कुंदे, हात नाही लावायचा असा कागद आला हाय वरून." मी म्हटलं, "मी पिन लावली, हात कुठं लावला?" आपण दोघी हसलो. तू भौतिकशास्त्राची, मी गणिताची. त्याआधी आपलं बोलणं तासांच्या अदलाबदलीपुरतं होतं. मैत्री त्या तांदळापासूनची.

माहितीचं पुस्तक इंग्रजीतलं, जाडजूड. शाळा सुटली की बसच्या वेळेपर्यंत आपण दोघी ते वाचायचो. तेच काम मशीनकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, ते मला आधी उमगलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तू स्वतः सरांसमोर म्हणाली होतीस, "कुंदा मॅडमचं डोकं या कामात चालते." ते वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं.

आणि खेळ. पांढुर्ण्याची बस कधी वेळेवर येत नाही. तू सौसरातच राहायचीस, तुला थांबायची काही गरज नव्हती, तरी माझ्यासोबत स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर बसायचीस. तूच चौकटीच्या वहीत नकाशा काढलास. एका टोकाला सौसर, ते तुझं. दुसऱ्या टोकाला पांढुर्णा, ते माझं. मध्ये बारा गावं. तुझे चिंचोके, माझे मक्याचे दाणे, म्हणजे आपापले गडी. ज्याच्या हातात जास्त गावं तो जिंकला. रामाकोना तू बरोबर मधोमध टाकलं होतंस. खरं तर ते कुठल्या कुठे, छिंदवाड्याच्या बाजूला. मी म्हटलं, "हे इथं कसं काय?" तू म्हणालीस, "तुझं गाव हाय, मधात शोभते."

एखादं गाव घ्यायचं तर दोन रस्ते होते. सरळ चढाई करायची, त्यात दोन्हीकडचे गडी मरायचे. नाहीतर शिवेवर गडी आणून नुसते उभे करायचे आणि म्हणायचं, सोडते का? तू नेहमी दुसरंच करायचीस. रामाकोन्याच्या शिवेवर चिंचोके मांडायचीस. मी एकदा दम धरायची. पुढच्या डावाला तू आणखी दोन चिंचोके आणायचीस, आणि मी माझे दाणे उचलायची.

"सोडलं पुन्हा?" तू विचारायचीस.

"जाऊ दे नं. एका गावापायी काय जीव द्यायचा हाय?"

एक दिवस तू खेळ बाजूला सारून खरंच विचारलंस, "काहून सोडते वं तू दर वेळी? वर्गात तं पोरांले फाडून खाते." आणि मी तुला सांगितलं. आमच्या घराबाहेर मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. माझा बाप कधीच मागे सरला नाही. रामाकोन्यात आमच्या वस्तीचा शेतातून जाणारा रस्ता एकानं काट्या लावून बंद केला, तेव्हा बाप काट्या उपसून त्याच रस्त्यावर उभा राहिला. त्याच्यासोबतचे वस्तीतले बाकीचे दोन दिवसांनी घरी गेले, हा गेला नाही. रस्ता उघडला. पण त्यानंतर गावात त्याला कोणी कामावर बोलवेना. पेरणी गेली, निंदण गेलं, कापूस वेचणी गेली. आम्ही भांडी बांधून पांढुर्ण्याला आलो आणि बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला. पाठीतून कमरेत गेला तो सरळ झालाच नाही. विहारात सगळे त्याला मान द्यायचे, हे खरं. पण आई चूल कशी पेटवायची ते मी पाहिलं आहे. मी तेव्हाच ठरवलं की तोंडानं कोणाला सोडायचं नाही आणि पायानं अडून बसायचं नाही. नोकरी सांभाळायची, आईला सांभाळायचं.

तू माझा हात धरून बसलीस. बस आली, मी चढले, तू खिडकीखाली येऊन म्हणालीस, "उद्या लवकर ये." मला वाटलं आपल्याला जन्माची मैत्रीण भेटली.

मग ते प्रशिक्षणाचं पत्र आलं. भोपाळला दीड महिना, शाळेतून एकच नाव. जो जाऊन येईल तो कॉम्प्युटरचा प्रमुख, त्याच्याकडे खोलीची किल्ली. सरांनी मला बोलावून सांगितलं की तुमचंच नाव टाकतो, तुम्हाला जमते. मी पळतच तुला सांगायला आले. तू फळा पुसत होतीस. पुसता पुसता म्हणालीस, "मी बी अर्ज देऊन राहिली आहो."

मला आधी थट्टाच वाटली.

संध्याकाळी स्टँडवर तू बाकावर न बसता उभी राहिलीस. "हे पाह्य कुंदा. मी तं जाणार आहो. आमचे मामा भोपाळले हायेत, याच खात्यात. त्यांच्या कानावर घातलं तं नाव माझंच निघन. उगाच तुझं नाव वर जाऊन वापस येईन, ते बरं दिसन का?" मी त्या दिवशी काही बोलले नाही. बस आली, गेले. रात्रभर मनाला समजावलं की शैला अशी नाही, सकाळी स्वतःच म्हणेल की जाऊ दे, तूच जा.

सकाळी प्राचार्य सरांच्या दाराशी तू मला गाठलंस. "मामांले आज चिठ्ठी टाकून राहिली आहो. तुझं काय ते सांग." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. आणि मी सोडलं, शैला. आत जाऊन लिहून दिलं की घरगुती अडचणीमुळे मी प्रशिक्षणास जाऊ शकत नाही. पेन तुझंच होतं. सर म्हणाले, "विचार केला का मॅडम?" मी म्हटलं, केला.

तू गेलीस, दीड महिन्यानं परत आलीस. माझ्यासाठी त्या अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्यास, स्वतःच्या भत्त्यातून. दर शनिवारी मला बसवून, तिथं शिकवलेलं सगळं शिकवलंस, एक गोष्ट हातची राखली नाहीस. आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पांढुर्ण्याला येऊन चार दिवस राहिलीस. आपल्या स्टाफमधले कितीतरी जण आमच्या दाराशी येऊन गेले, उंबऱ्याच्या आत कोणी आलं नाही, पाणी विचारलं तर आत्ताच पिऊन आलो म्हणाले. तू आमच्या चुलीवर भाकरी थापल्यास आणि आमच्याच ताटात जेवलीस. आई शेवटपर्यंत म्हणायची, "शैला माह्यी दुसरी पोरगी." हे सगळं मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर आज तुझा राग राग करणं सोपं गेलं असतं.

भोपाळहून आल्यावर तू आपला खेळ मशीनवर लिहिलास आणि कॅसेटवर उतरवून ठेवलास; खेळायचं तर आधी कॅसेट लावून तो मशीनमध्ये भरायचा. तीच बारा गावं, तोच नकाशा, रामाकोना मधोमध. पोरं पांढुर्ण्याकडून खेळणार आणि मशीन सौसरकडून. पण तू मशीनला एकच स्वभाव दिला नाहीस, चार दिलेस. सुरुवातीला पडद्यावर विचारायचं, कोणाशी खेळता? एक तापट, दोन हावरट, तीन शहाणा, चार सज्जन. मी थक्क झाले होते. खेळाचे नियम तेच, गडी तेवढेच. स्वभाव म्हणजे नुसते चार आकडे, शून्य ते नऊ: चढाई किती, हाव किती, दिखावा किती, धीर किती. तापटाची चढाई नऊ, तो पहिल्याच डावात अंगावर यायचा आणि अर्धे गडी मारून घ्यायचा. हावरट दिसेल ते गाव घ्यायचा आणि मग एवढी गावं राखायला गडी पुरायचे नाहीत. आकडा एकानं बदलला की खेळणारा बदलल्यासारखा वाटायचा. पोरं तर त्यांच्याशी भांडायची. "मॅडम, तापट आज घुश्शात हाय," म्हणायची.

शहाण्याला सगळी घाबरायची. तो लढायचा नाही, शिवेवर गडी आणून उभे करायचा, पुन्हा आणखी आणायचा, आणि खेळणाऱ्याला वाटायचं आता आपलं काही खरं नाही. कोणी त्याच्यापुढे टिकायचंच नाही. सज्जन मात्र सगळ्यांचा लाडका. ज्याला जिंकायचं असेल तो चार नंबर दाबायचा. दोनदा गडी पुढे सरकवले की सज्जन गाव सोडून जायचा. साहेब तपासणीला आले तेव्हा तेही सज्जनाशीच खेळले, जिंकले आणि खूश होऊन चहा पिऊन गेले.

मी तुझ्याशी भांडले होते त्यावरून. "सज्जनाले एवढं मुळमुळीत काहून केलं? सज्जन माणूस असा असते का? पोरं काय शिकतीन यातून?"

तू मान खाली घालून काहीतरी टाईप करत होतीस. म्हणालीस, "असते एखादा."

"मंग नाव बदल त्याचं. भित्रा ठेव."

"भित्रा नाही तो," तू म्हणालीस. "मी पाह्यला हाय त्याले." मी हसले आणि विषय तिथंच राहिला. नंतर दोन-तीनदा मी पुन्हा काढला, दर वेळी तू उठून काहीतरी करायला जायचीस.

वही उघडल्यावर मला ते भांडण पुन्हा सापडलं. पहिली पानं आपल्या स्टँडवरच्या डावांची, तुझ्या बारीक अक्षरात. कोण कुठे गेलं, कोणी काय सोडलं. मला माहीतही नव्हतं की घरी जाऊन तू हे लिहून ठेवायचीस. एका पानावर वर माझं नाव आणि खाली रेघ. "पहिल्यांदा धमकावलं की थांबते. दुसऱ्यांदा धमकावलं की सोडते. तिसऱ्यांदा लागत नाही. गाव गेल्याचा राग येत नाही तिला, भांडणाचा येतो." त्याच्यानंतरही आठ-दहा पानं डाव आहेत, आणि मग एका कोपऱ्यात लिहिलं आहे, "आज प्रशिक्षणाचं पत्र आलं."

म्हणजे हे आधीचं. स्टँडवर तू बाकावर न बसता उभी राहिलीस ती पहिली वेळ. सरांच्या दाराशी दुसरी. तू मोजून आली होतीस. मी तुला माझा बाप सांगितला, आणि तू त्यातून किती वेळा धमकवायचं तेवढं काढून घेतलंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू माझी चूल ओळखत होतीस, शैला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. तू आजारी पडल्यापासून किल्ली माझ्याकडे आहे. नवे कॉमर्सचे सर आले आहेत, तू त्यांना फार पाहिलं नाहीस, त्यांचा त्या किल्लीवर डोळा आहे. तू जाऊन आठ दिवस झाले नव्हते तर स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "किल्ली माझ्याकडे देऊन टाका मॅडम, तुम्ही रोज पांढुर्ण्याहून येता, बस चुकली तर पोरं बाहेर उभी राहतात. मी सरांशी बोलून घेतो." मी पर्स उघडून किल्ली काढलीसुद्धा होती. तास संपल्याची घंटा झाली आणि ते वर्गावर पळाले, म्हणून ती माझ्याकडे राहिली.

चपला बाहेर काढल्या, मशीन लावलं, तुझी कॅसेट टाकली. ती किरकिरत भरेपर्यंत तुझ्या खुर्चीवर बसायचं नाही म्हणून उभीच राहिले. खेळ सुरू न करता, तो ज्यांच्यावर चालतो त्या तू लिहिलेल्या आतल्या ओळी मी पडद्यावर काढल्या. चौघांचे आकडे तिथे असणार हे मला ठाऊक होतं. आणि आपल्या दोघींना हेही ठाऊक आहे की त्यात अशी एक ओळ लिहिता येते जी मशीन वाचत नाही, ती फक्त माणसासाठी असते. खेळणाऱ्या पोरांना ती दिसत नाही. जो आत येऊन वाचेल त्यालाच दिसते.

सज्जनाच्या आकड्यांच्या वर तशी ओळ होती. मशीनवर आपली लिपी नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. लिहिलं होतं, "कुंदा." खाली आकडे. चढाई तीन, हाव एक, दिखावा शून्य, धीर दोन.

साऱ्या शाळेची पोरं दोन वर्षं मला हरवत होती. साहेबसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाप कापसाच्या गाठी उचलता उचलता मोडला त्याचा तू दोन आकडा केलास, आणि तो का दोन आहे ते लिहायला मशीनमध्ये जागा नाही. पण ती ओळ होती की. माणसासाठीची. तिथे तर लिहायचं होतं.

मग वर शहाण्याकडे गेले. त्याच्याही वर तशीच ओळ. "ही मी." चढाई दोन, हाव पाच, दिखावा नऊ. आणि धीर दोन.

मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मला वाटलं टाईप करण्यात चूक झाली असेल. पण खाली नियमही तूच लिहिलेला होता. शहाणा दोनदा धमकावतो, आणि तरी समोरचा हलला नाही, तर स्वतःचे गडी उचलून घरी जातो. हे आजपर्यंत कोणी पाहिलं नव्हतं, कारण दुसऱ्या धमकीनंतर त्याच्यासमोर कोणी उभंच राहत नव्हतं.

तपासणीला साहेबांना दाखवायचं म्हणून मशीनच्या दोन स्वभावांना एकमेकांशी खेळवायची सोय तू केली होतीस. मी सज्जनाचा धीर बदलला. दोनाचा तीन केला, जास्त काही नाही. मग सौसरकडून शहाणा आणि पांढुर्ण्याकडून सज्जन असा डाव लावला. तू रामाकोन्याच्या शिवेवर आलीस. मी थांबले. तू आणखी गडी आणलेस. मी थांबले. पडदा थोडा वेळ तसाच राहिला. मग तुझे गडी एकेक करून मागे गेले, पार सौसरपर्यंत, आणि रामाकोना माझ्याकडे राहिलं.

डाव अर्धवट सोडून मी बाहेर आले. चपला घातल्या. मामा नव्हतेच. चिठ्ठी कोणाला जाणारच नव्हती. सरांच्या दाराशी मी नुसती गप्प उभी राहिले असते, काही बोलायचीही गरज नव्हती, तरी तू म्हणाली असतीस, बरं बाई, तू जा. हे तुझं तूच लिहून ठेवलंस. मला वाचता येते हे ठाऊक असून लिहिलंस, आणि शनिवारी शनिवारी माझ्या शेजारी बसून, माझ्या डब्यातलं लोणचं खात, एकदाही सांगितलं नाहीस. मरताना नवऱ्याच्या हाती पिशवी देऊन मोकळी झालीस. माफी मागायची ही कोणती पद्धत आहे? आणि ती माफी आहे की हिशेब चुकता केलास, हे मी आता विचारू कोणाला?

मला अजून एक विचार छळतो. तू दोनदा म्हणालीस आणि मी सोडलं, तेव्हा तुला आनंद झाला होता की तू मनातून म्हणत होतीस, थांब ना गं मेले, आणखी एकदा थांब? तुझा चेहरा मी खूप आठवून पाहते. त्यावर काहीच दिसत नाही. दिखावा नऊ.

काल मधल्या सुट्टीत कॉमर्सचे सर कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी आले. मी चपला काढत होते. म्हणाले, "मॅडम, किल्लीचं काय केलं? मी सरांले सांगून ठेवलं हाय. वरून बी माझ्याच नावाचं पत्र येऊन राहिलं."

किल्ली माझ्या हातातच होती. हात पुढे जायला निघाला होता, तुला काय सांगू. तीस वर्षांची सवय. मी मूठ मिटली आणि म्हटलं, "किल्ली माझ्याजवळ राहीन." आवाज फाटला माझा, एवढंसं बोलायला. मग गप्प उभी राहिले. कॉमर्सचे सर उंबऱ्यावर, मी उंबऱ्याच्या आत, मध्ये माझ्या चपला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं.

"बरं, असू द्या तुमच्याकडेच. मी आपलं तुमचा त्रास वाचावा म्हणून म्हटलं," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

झालं. आकाश कोसळलं नाही, कोणी माझं काम बंद केलं नाही. आत जाऊन मी मशीन लावलं आणि तुझी कॅसेट भरली. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो; ज्या ओळीत माझं नाव होतं तिचा नुसता क्रमांक टाईप करून बटण दाबलं, ओळ गेली. "ही मी" तशीच ठेवली. सज्जनाचा धीर तीन करून सगळं पुन्हा कॅसेटवर उतरवून घेतलं.

मग पहिल्यांदा तुझ्या खुर्चीवर बसले आणि तुझ्या घरी अर्धं राहिलेलं रडणं पूर्ण केलं. तुझ्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला सांगता येणार नाही. इतकंच सोपं होतं, शैला. तुला ठाऊक होतं, आणि तू रोज माझ्यासोबत त्या बाकावर बसून बसची वाट पाहत होतीस.